पूल बंद करायचा कोणी?

(बडोद्यात दांडिया बाजारातल्या एका पालक-सभेत केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ही सभा सुट्टी लागायच्या आत ठेवलीत, हे बरं केलंत. एकदा एप्रिलचं ऊन तापलं की पोहण्याच्या फॉर्मसाठी रांगा लागतात, मग कोणाला काही ऐकायला सवड नसते.

आपला पूल, म्हणजे हा पोहण्याचा तलाव, दिवसा शाळेचा आणि संध्याकाळी आसपासच्या सोसायट्यांचा. खर्च निम्मा-निम्मा, पाणी एकच, पंप एकच. एकट्याला कोणालाच हे परवडलं नसतं, तेव्हा व्यवस्था उत्तम आहे. पण दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो, तसं आपल्या पुलाचं होतं. शाळेला वाटतं क्लोरीन संध्याकाळवाल्यांनी बघितलं असेल, संध्याकाळवाल्यांना वाटतं सकाळी शाळेनं बघितलं असेल. म्हणून मला आज एकच विचारायचंय. पाणी बिघडलं, लाइफगार्ड आला नाही, तर त्या क्षणी पूल बंद करायचा अधिकार कोणाला आहे? त्याचं उत्तर ‘कमिटीला फोन लावतो’ असं असेल, तर तो अधिकार कोणालाच नाही असं समजा.

आधी पाण्याचं बोलू. माझा जन्म पाणी शुद्ध करण्याच्या प्लांटवर गेला आणि बडोद्यात केमिकलवाल्यांची वाण नाही, तेव्हा हा भाग जरा लांबेल.

पाणी निळं दिसतं ते बऱ्याच अंशी टाइल्समुळे. निळं आहे म्हणजे स्वच्छ आहे असं नाही. खोल भागाच्या तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसली पाहिजे, तिच्या पट्ट्या मोजता आल्या पाहिजेत. नाही दिसली तर कोणी उतरायचं नाही, कारण तळाला गेलेलं मूलही मग दिसणार नाही. या तपासणीला किट लागत नाही, फक्त रोज बघावं लागतं.

किट लागतं ते क्लोरीन आणि पीएचसाठी. मोकळं क्लोरीन, म्हणजे अजून कशाशी जोडलं न गेलेलं, १ ते ३ पीपीएम (पाण्याच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल-अल्कली आहे तो आकडा, ७.२ ते ७.८ ठेवा. पीएचचा आग्रह अशासाठी, की क्लोरीनचं जे रूप जंतू मारतं ते पीएच ७.५ ला साधारण निम्मं असतं आणि ८ वर गेलं की पाव भागाच्याही खाली येतं. म्हणजे क्लोरीनची पावडर तेवढीच टाकली, पैसे तेवढेच गेले, काम मात्र निम्म्याहून कमी.

आता आपल्या पंपरूममधलं किट. दोन थेंब टाकले की पिवळं होणारं. स्वस्त असतं, सगळीकडे तेच चालतं. पण तो पिवळा रंग एकूण क्लोरीन दाखवतो. त्यात मोकळं किती आणि घाम-लघवीशी जोडलं जाऊन निकामी झालेलं किती, हे कळत नाही. गुलाबी होणारं डीपीडीचं किट घ्या, ते मोकळं क्लोरीन दाखवतं. त्यातही एक गंमत आहे. क्लोरीन फारच जास्त असेल तर गुलाबी रंगच उडून जातो, नळी पांढरी राहते, आणि माणूस ‘क्लोरीन संपलं’ म्हणून आणखी पावडर ओततो. नळी पांढरी राहिली तर तेच पाणी साध्या पाण्यात पातळ करून पुन्हा बघायचं. ओतायचं नाही.

आणि ओतायचं किती? २५ मीटर लांब, साडेबारा मीटर रुंद, सरासरी १.४ मीटर खोल असा पूल धरा. सुमारे ४ लाख ३७ हजार लिटर पाणी झालं. त्यात १ पीपीएम वाढवायला ६५ टक्के ताकदीची पावडर पाऊण किलोपेक्षा कमी लागते. ‘एक डबा टाकून दे’ ही पद्धत बंद करा. पावडर आधी बादलीभर पाण्यात घालायची, पावडरवर पाणी ओतायचं नाही. मुलं पाण्यात असताना टाकायची नाही. ॲसिडचा कॅन आणि क्लोरीन एका फळीवर ठेवायचं नाही. दोन्ही एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो, आणि पंपरूमला खिडकी एकच असते. ट्रायक्लोर, म्हणजे गोळ्यांच्या रूपात मिळणारं क्लोरीन, आणि ही पावडर एकाच डब्यात कधीच मिसळू नका, आग लागते.

पुलाजवळ गेलं की नाकाला झोंबतो त्या वासावरून लोक म्हणतात, ‘आज क्लोरीन मस्त आहे.’ नेमकं उलटं आहे. तो वास क्लोरामाइनचा, म्हणजे क्लोरीन आणि माणसांच्या अंगावरची घाण यांच्या संयोगाचा. डोळे लाल होतात तेही त्यानंच. म्हणून आंघोळ करून उतरायचं, एक मिनिटभर शॉवरखाली उभं राहिलात तरी बराच घाम आणि मळ निघून जातो. आपल्याकडे दुसरा प्रश्न तेलाचा. मुलांच्या डोक्याला आई चापून खोबरेल लावते, आणि मे महिन्यात पाण्याच्या पातळीवर टाइल्सभोवती बोटभर रुंदीचा तेलकट पट्टा धरतो. नखानं खरवडला तर निघतो. त्यात कॉटनचे टी-शर्ट आणि लेगिंग्ज. त्यांचे सुटे धागे फिल्टरच्या वाळूत जाऊन बसतात. तेल रविवारी लावा, पोहायच्या दिवशी नको.

जुलाब हा विषय सभेत काढताना लोक संकोचतात. संकोचू नका. नीट क्लोरीन असलेल्या पाण्यात ई-कोलाय हा जंतू मिनिटभरात मरतो, हिपॅटायटिस ए चा विषाणू पाव तासात, जिआर्डिया हा परजीवी पाऊण तासात. पण क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी १ पीपीएम क्लोरीनमध्ये दहा दिवस तग धरतो. पोट बिघडलेलं मूल घरी ठेवायचं, आणि या परजीवीची लागण झाली असेल तर बरं झाल्यावरही दोन आठवडे पाण्यात पाठवायचं नाही. पाण्यात कोणाला जुलाब झालेच, तर पूल लगेच रिकामा करायचा आणि क्लोरीन २० पीपीएमला नेऊन जवळजवळ १३ तास तिथेच धरून ठेवायचं. पुढची तुकडी काठावर कपडे बदलून उभी असते, तेव्हा हे सांगायला हिंमत लागते. ती हिंमत पंपवाल्या काकांनी कुठून आणायची?

आता बुडण्याबद्दल. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या, हे या शहरात कोणाला सांगावं लागत नाही. बोटीत माणसं जास्त होती आणि सगळ्यांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. जॅकेट घातल्याशिवाय बोट हलणार नाही, असं म्हणायला तिथे कोणीतरी हवं होतं.

पुलात बुडणारं मूल ओरडत नाही. तोंड पाण्याच्या वर-खाली होत असतं, श्वासच पुरत नाही तर आवाज कुठून काढणार? हातही वर करता येत नाहीत, ते पाणी खाली दाबत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं खेळतोय. हे २० ते ६० सेकंद चालतं, मग मूल खाली जातं. म्हणून लाइफगार्डला पावत्या फाडायला, चपला सांभाळायला बसवू नका. आणि ‘कोण जास्त वेळ श्वास रोखतो’ ही पैज बंद. जोरजोरात श्वास घेऊन खाली गेलेला उत्तम पोहणाराही पाण्यात बेशुद्ध पडतो, कसलीही धडपड न करता.

बाहेर काढल्यावर पालथं घालून पोटातलं पाणी काढत बसायचं नाही. ही जुनी खोड अजून गेलेली नाही आणि त्यात मोलाची मिनिटं जातात. श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास, मग छाती दाबणं, आणि दुसऱ्यानं १०८ लावायचा. हे भाषणात शिकता येत नाही, बाहुलीवर शिकावं लागतं. त्याचा वर्ग शाळेनं आणि सोसायट्यांनी मिळून एकदाच ठेवावा.

तळाच्या जाळीचं मात्र थोडक्यात सांगतो. ती तुटली किंवा ढिली झाली तर पंपाच्या ओढीनं केस किंवा हात अडकतो, आणि मोठ्या माणसालाही सुटत नाही. पंपाचं बटण कुठे आहे हे शिक्षिकेलाही माहीत हवं.

माझा प्रस्ताव लहान आहे. एक वही, काठावर, दोन्ही पाळ्यांसाठी. शाळेची पाळी संपताना शेवटच्या मुलापर्यंत डोकी मोजायची, क्लोरीन, पीएच आणि जाळी बघून सही करायची, आणि संध्याकाळवाल्यानं पुन्हा स्वतः तपासून सही केल्याशिवाय फाटक उघडायचं नाही. काठावर ड्यूटीला जो असेल, मग तो लाइफगार्ड असो की पंपवाले काका, त्यानं बंद म्हटलं की बंद. अध्यक्षांचा नातू रांगेत असला तरी. त्या दिवसाची फी परत करायची का, हा वाद नंतर कमिटीनं घालावा, काकांशी नाही. हे दोन्ही बाजूंनी कागदावर लिहून सह्या करून द्या, कारण तोंडी अधिकार पहिल्या भांडणात उडून जातो.

(मागून एका ताईंनी विचारलं, की जूनमध्ये पूल बंद झाला की रिकामा करून घासून ठेवावा का.)

ताई, पावसाळ्यात पूर्ण रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकाम्या पुलाला खालून उचलतं, तळाला तडे जातात. पाणी ठेवा, क्लोरीन थोडं चालू ठेवा म्हणजे डास होणार नाहीत, आणि घासायचं काम उन्हाळ्याच्या आधी, फेब्रुवारीत काढा. पण एक करा. पूल बंद असतानाही फाटकाला कुलूप हवं, आणि किल्ली कोणाकडे आहे ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.