पंचांग, आर्थिक वर्ष आणि आरोग्याची नस्ती

श्रोतेहो, नमस्कार.

सोलापूर जिल्ह्यात तालुका आरोग्य अधिकारी असताना एप्रिल महिन्यातल्या एका सकाळी मी माळशिरस तालुक्यातल्या एका गावाच्या सार्वजनिक विहिरीवर उभा होतो. आरोग्य सेवकाने गावातल्या शेवटच्या नळाचे पाणी काचेच्या नळीत आणले, त्यात ओटीच्या, म्हणजे क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडीनच्या, द्रावणाचे थेंब टाकले आणि नळी उन्हासमोर धरली. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते पिवळे होते. हे पाणी होते तसेच राहिले. पाणी शुद्ध करायची टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पंचायतीच्या खोलीत होती, पण पिशवीचे तोंड उघडे राहिल्यामुळे तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेला होता. विहिरीच्या कठड्याला तडा गेला होता आणि पाच पावलांवर म्हशी धुतल्या जात होत्या. त्या दिवशी गावाला लाल कार्ड द्यायचे ठरले.

स्थानिक आरोग्य अधिकारी आपले प्राधान्यक्रम राज्य शासनाच्या धोरणाशी कसे जुळवतात, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकायला मंत्रालयाएवढा मोठा वाटतो, म्हणून मी मुद्दाम विहिरीवरून निघालो. आपल्या राज्यात पाण्याच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण वर्षातून दोनदा होते, पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर. धोका जास्त असेल तर ग्रामपंचायतीला लाल, मध्यम असेल तर पिवळे आणि कमी असेल तर हिरवे कार्ड मिळते. सलग पाच वर्षे हिरवे कार्ड राहिले आणि गावात साथ आली नाही तर चंदेरी. कार्ड द्यायचे आरोग्य विभागाने, टीसीएल विकत घ्यायची ग्रामपंचायतीने, पाण्याचे नमुने तपासायचे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेने, नवी नळयोजना मंजूर करायची पाणीपुरवठा व स्वच्छता विभागाने. आणि उद्या गावात जुलाबाची साथ आली तर जाब द्यायचा पुन्हा आरोग्य विभागानेच. समन्वय हा शब्द सरकारी कागदांत फार वापरून गुळगुळीत झाला आहे, पण त्याचा खरा अर्थ या एका वाक्यात आहे.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक आरोग्य, स्वच्छता, रुग्णालये आणि दवाखाने हे विषय राज्यसूचीत आहेत. त्यामुळे धोरण मुंबईत ठरते. पण मुंबईत ते एका दालनात ठरत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी. ते मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करतात आणि जिल्हा परिषदेची नाळ ग्रामविकास विभागाशी जोडलेली आहे. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालये जिल्हा शल्यचिकित्सकांकडे, म्हणजे थेट सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. सोलापूर महानगरपालिकेचे दवाखाने आणि डफरीनसारखे प्रसूतिगृह आयुक्तांकडे, आणि महानगरपालिका नगरविकास विभागाकडे. ज्याला आपण सगळे सिव्हिल म्हणतो ते सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले, म्हणून वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. एकच जिल्हा, अकरा तालुके, आणि आरोग्याचे चार मालक.

रुग्णाला याच्याशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. त्यालाच तर ते भोवते. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. निर्णय चांगलाच होता, पण वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये त्यात आली नव्हती. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात एक पैसाही न देता तपासून घेतलेल्या म्हाताऱ्याला तिथूनच पुढे सिव्हिलला पाठवले की खिडकीवर केसपेपरचे पैसे मागितले जात, आणि तो मागे वळून आपल्यालाच विचारी, ‘साहेब, सरकार बदललं का वाटेत?’

आता पैशाकडे येतो, कारण प्राधान्यक्रम भाषणात नव्हे, लेखाशीर्षात, म्हणजे अंदाजपत्रकातल्या खर्चाच्या रकान्यात, दिसतात. राष्ट्रीय आरोग्य अभियान २००५ साली ग्रामीण भागासाठी सुरू झाले आणि २०१३ मध्ये शहरी भागही त्यात आला. महाराष्ट्रात त्यातला साठ टक्के वाटा केंद्राचा आणि चाळीस टक्के राज्याचा. या अभियानात जिल्ह्याने आपला आराखडा करायचा, तो राज्याच्या आराखड्यात मिसळायचा आणि मग दिल्लीची मान्यता घ्यायची. आमच्या बोलण्यात याला ‘पीआयपी’, म्हणजे कार्यक्रम अंमलबजावणी आराखडा, म्हणतात. जिल्ह्याची मागणी हिवाळ्यात लिहिली जाते, मंजुरी उन्हाळ्यात येते, पैसे त्यानंतर; आणि ३१ मार्चला हिशेब बंद होतो. रोगाचे वर्ष मात्र मृगाच्या पावसाबरोबर सुरू होते. जुलाब, कावीळ, डेंग्यू यांना आर्थिक वर्ष ठाऊक नसते. जिल्ह्यातल्या अधिकाऱ्याचे अर्धे कसब ही दोन पंचांगे एकमेकांना जोडण्यात आहे: जूनमध्ये काय लागणार हे डिसेंबरमध्ये ओळखायचे आणि ते वरच्यांना कळेल अशा शब्दांत, बरोबर त्याच रकान्यात मांडायचे.

हे मी चूक करून शिकलो. त्या लाल कार्डाच्या विहिरीचा कठडा आणि झाकण यांचा खर्च मी साथ नियंत्रणाच्या शीर्षाखाली मागितला होता. पाणी दूषित, म्हणजे साथीचा धोका, असा माझा सरळ हिशेब. ऑगस्टमध्ये नस्ती, म्हणजे प्रस्तावाची फाइल, परत आली. वर एकाच ओळीचा शेरा होता, ‘त्रुटीची पूर्तता करून फेरसादर करावे.’ बांधकामाचा खर्च त्या शीर्षात बसत नव्हता. वरच्या कार्यालयावर मी बरेच दिवस चरफडलो, पण दोष माझा होता. तोच प्रस्ताव ग्रामपंचायतीच्या आराखड्यातून किंवा जिल्हा वार्षिक योजनेतून गेला असता तर कदाचित मार्गी लागला असता. ही दुसरी थैली पुष्कळ डॉक्टरांच्या लक्षात येत नाही. ही योजना जिल्हा नियोजन समितीत ठरते आणि समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. तिथे रस्ते, शाळा, वीज यांच्या गर्दीत आरोग्याची मागणी उभी करायची असते. तिथे वैद्यकीय भाषा चालत नाही. ‘मृत्यूदर’ म्हणण्यापेक्षा ‘अमुक गावातून रात्री बाळंतिणीला न्यायला रुग्णवाहिका नाही’ असे म्हटले की सभागृह ऐकते.

धोरण वरून खाली येताना काय होते, त्याचे उदाहरण शहरातले आहे. डेंग्यूच्या हंगामात राज्याकडून सूचना येते की आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळावा. घरातली पाण्याची सर्व भांडी रिकामी करून, घासून, वाळवावीत. शास्त्र बिनचूक आहे. डेंग्यूच्या डासाचे अंड्यापासून डास होईपर्यंतचे चक्र साधारण आठ-दहा दिवसांचे असते, म्हणून आठवड्याला एकदा ते तोडले की पुरे. पण सोलापूर शहराच्या पुष्कळ भागांत वर्षानुवर्षे नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांआड येते. एका वर्षी शहराच्या सर्वेक्षणासाठी ग्रामीण भागातून माणसे दिली होती, त्यांच्याबरोबर मी पूर्व भागात हिंडत होतो. यंत्रमागाचा खडखडाट भिंतीपलीकडून येत होता. विडीचे सूप मांडीवर घेऊन बसलेल्या एका बाईंच्या हौदात आम्ही बॅटरी मारली. अळ्या वळवळत होत्या. आमच्या कार्यकर्तीने हौद ओतायला सांगितला. बाईंनी वर न पाहता पान कापत म्हटले, ‘ओतते की. नळ कधी येणार तेवढं लिहून द्या.’

कोणी लिहून देणार? नळाचे वेळापत्रक आरोग्य अधिकाऱ्याच्या हातात नाही. जलवाहिनी, उजनीचे पाणी आणि वितरण हा महानगरपालिकेच्या दुसऱ्या खात्याचा, आणि पुढे नगरविकास विभागाचा प्रश्न. अशा वेळी स्थानिक अधिकाऱ्याने परिपत्रकाचा शब्द सोडून अर्थ धरायचा असतो. ज्या हौदाचे पाणी ओतता येत नाही त्यात अळीनाशक टाकायचे किंवा गप्पी मासे सोडायचे, पिंपाला कापड बांधायचे, आणि हौद घासायचा दिवस वारावर नव्हे तर नळाच्या पाळीवर ठरवायचा. ही सूचना मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही द्यायची, कारण सोलापूर तसे आहे. या कामाचे अहवाल मात्र ‘कोरडा दिवस पाळला’ याच रकान्यात भरावे लागत. माझ्या मते ही खोटी नोंद नसली तरी हुकलेली संधी होती. पाणी रोज न देणाऱ्या शहरात कोरडा दिवस कसा पाळतात, हे राज्याला कळण्याची वाट त्या रकान्यात बंद झाली.

वर जाणाऱ्या माहितीबद्दल आणखी थोडे बोलतो, कारण धोरण चुकते ते बहुधा इथे. साथरोगांची माहिती आता संगणकावर, उपकेंद्रापासून प्रयोगशाळेपर्यंत तीन पातळ्यांवर भरली जाते. आरोग्य सेविका लक्षणे कळवते, डॉक्टर संशयित निदान, प्रयोगशाळा खात्री. यंत्रणा चांगली आहे. अडचण स्वभावाची आहे. ज्या केंद्राने वीस तापाचे रुग्ण कळवले त्याला व्हीसीवर, म्हणजे व्हिडिओ बैठकीत, खुलासा विचारला जातो आणि ज्याने शून्य कळवले त्याला कोणी काही विचारत नाही. असे दोन हंगाम झाले की शून्य कळवणे सगळ्यांनाच सोयीचे वाटू लागते. मी वरिष्ठांना नेहमी म्हणत असे की आधी शून्यवाल्याला फोन करा. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण वाढले, तेव्हा त्या उद्रेकाशी जोडलेल्या पहिल्या संशयित मृत्यूची नोंद सोलापुरात झाली. माणूस एका शहरात आजारी पडतो आणि आपल्या माणसांकडे, दुसऱ्या शहरात जातो. हे सोलापूरला नवे नाही. अक्कलकोटचा रुग्ण कलबुर्गीला जातो, मंगळवेढ्याचा विजयपूरला. राज्याच्या सीमेपलीकडची अधिकृत माहिती पुणे, मुंबई, बंगळूर असा वळसा घेऊन यायची. दोन शेजारी तालुक्यांच्या डॉक्टरांचा फोन पाच मिनिटांत होई.

करोनाच्या काळात हे सगळे उलटे झाले होते. १८९७ चा साथरोग कायदा मार्च २०२० मध्ये लागू झाला आणि नियमावलीने शहरात आयुक्तांना, बाहेर जिल्हाधिकाऱ्यांना अधिकार दिले. एकाच आदेशाखाली सगळे विभाग आले. ते दिवस परत यावेत असे कोणी म्हणणार नाही, पण चार मालकांची माणसे एका टेबलावर बसू शकतात हे तेव्हा दिसले.

तसे ते दरवर्षी आषाढीत दिसतेच. पंढरीच्या वारीइतका मोठा समन्वय आपल्या जिल्ह्यात दुसरा नाही, आणि एके काळी वारी म्हटले की पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, धास्ती असे. एक गमतीची गोष्ट सांगतो. आरोग्य सेवेच्या पुणे मंडळात तीनच जिल्हे आहेत: पुणे, सातारा आणि सोलापूर. ज्ञानेश्वर माउलींची पालखी या तिन्ही जिल्ह्यांतून चालते आणि तुकोबांची पुणे व सोलापूर जिल्ह्यांतून. त्यामुळे पुण्यात बसलेल्या उपसंचालकांच्या डोळ्यांसमोर सगळी वाट असते. माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात येते, तुकोबांची नीरा ओलांडून अकलूजला. बैठका दोन-तीन महिने आधी सुरू होतात. इतर जिल्ह्यांतून डॉक्टर आणि कर्मचारी प्रतिनियुक्तीवर येतात, टँकर भरायची ठिकाणे ठरतात, १०८ च्या रुग्णवाहिका कुठे उभ्या राहणार ते ठरते, पंढरपुरात नगरपरिषद, मंदिर समिती, पोलीस, पाणीपुरवठा सगळे येऊन बसतात. धर्मपुरीच्या हद्दीवर साताऱ्याच्या पथकातला डॉक्टर आमच्या डॉक्टरला दिंडीतल्या म्हाताऱ्या रुग्णांची यादी हातात देताना मी पाहिला आहे. कोणाला साखर आहे, कोणाच्या पायाला जखम आहे, कोण गोळ्या घेत नाही. त्या यादीला जावक क्रमांक नव्हता. एरवी महिनोन्‌महिने अडणारे काम इथे होते, याचे कारण भक्तीत शोधणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. मला दिसलेले कारण साधे आहे: एकादशीची तारीख पुढे ढकलता येत नाही, आणि ती मुंबईपासून वाखरीपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते.

त्या विहिरीचे सांगायचे राहिले. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्येही गावाला लाल कार्डच मिळाले. मे महिन्यात वारीच्या बैठकीत टँकर भरण्याच्या ठिकाणांची यादी वाचली जात होती, त्यात ती विहीर होती. मी उठून दोन्ही लाल कार्डे टेबलावर ठेवली. पैसे कोणत्या शीर्षातून द्यायचे याची चर्चा दहा मिनिटे चालली आणि नऊ दिवसांत कठडा, झाकण आणि म्हशींसाठी वेगळा हौद, तिन्ही झाले. पालखी यायच्या आदल्या दिवशी त्याच आरोग्य सेवकाने नळी उन्हासमोर धरली. पाणी चांगले पिवळे झाले. त्या ऑक्टोबरात गावाला पिवळे कार्ड मिळाले. हिरवे मिळाले नाही, कारण टीसीएलची पिशवी पुन्हा उघडीच सापडली.

नमस्कार.