चौदा फूट आठ इंचांचं चाक

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मॉर्मनांचा छळ आणि पश्चिमेकडचं स्थलांतर’. छळाकडे येतोच. पण आधी एका चाकाबद्दल बोलू द्या. या विषयावर बोलणारे सगळे छळातच वेळ संपवतात आणि चाक बिचारं राहून जातं.

जोसेफ स्मिथ, देवदूताने दाखवल्या असं तो सांगे त्या सोन्याच्या पाट्या, 1830 साली त्याने अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ, 27 जून 1844 ला इलिनॉय राज्यातल्या कार्थेजच्या तुरुंगात घुसून जमावाने केलेला त्याचा खून, मग ब्रिगहॅम यंगकडे आलेली सूत्रं, हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. ज्यांना नाही त्यांनी शेजाऱ्याला विचारावं, पण हळू आवाजात.

तर, एप्रिल 1847. मिसूरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स या तळावरून मॉर्मनांची पहिली तुकडी पश्चिमेला, आजच्या युटातल्या सॉल्ट लेककडे निघाली. 143 पुरुष, 3 बायका, 2 मुलं आणि सत्तरच्या वर गाड्या. विल्यम क्लेटन नावाचा इंग्लंडातून आलेला कारकून त्यात होता. रोज संध्याकाळी तळ पडला की वाद सुरू: आज किती चाललो? क्लेटनच्या मते बाकीच्यांचा अंदाज दिवसाला दोन-दोन मैल फुगलेला असे. पाय दुखले की मैल वाढतात, हे वारीला गेलेल्यांना सांगायला नको.

क्लेटनने काय केलं? एका गाडीचं मागचं चाक मापलं. घेर चौदा फूट आठ इंच. आता तोंडी गुणाकार करणारे इथे कुणी असतील तर करा: गुणिले 360. बरोबर 5280 फूट, म्हणजे नेमका एक मैल, इंचभरही कमी-जास्त नाही. मग त्याने चाकाच्या एका आऱ्याला लाल फ्लॅनेलची चिंधी बांधली आणि 8 मे रोजी दिवसभर गाडीबरोबर चालत चिंधी वर आली की एक, पुन्हा आली की दोन, असे फेरे मोजले. संध्याकाळी आकडा 4070. सव्वाअकरा मैल आणि वर वीस फेरे. मधे कुणी ‘काय क्लेटनसाहेब, बरं आहे ना?’ म्हणालं की संपलं. हिशेबनीस माणसाला बोलायला लावणं हा गुन्हा आहे, हे आपल्याकडे किराणा दुकानात शिकतात.

अर्थात हे रोज जमणारं काम नाही. ऑर्सन प्रॅट हा त्यांच्यातला गणिती. त्याने यंत्राचा आराखडा केला आणि ॲपलटन हार्मन या सुताराने ते लाकडात घडवलं. रचना साधी आहे. चाकाच्या तुंब्याला एक दाता, शेजारी तिरप्या बसवलेल्या दांड्याला सहा हात. चाकाचा एक फेरा झाला की एक हात पुढे सरकतो, म्हणजे सहा फेऱ्यांत दांडा एकदा फिरतो. दांड्याच्या वरच्या टोकाला मळसूत्र, ते साठ दात्यांच्या चकतीत अडकलेलं. साठ गुणिले सहा, 360. चकती एकदा फिरली, मैल झाला. तिच्यावर चार दात्यांची छोटी चक्री, ती चाळीस दात्यांची दुसरी चकती फिरवते. ती पूर्ण झाली की दहा मैल. पाऊस-धूळ लागू नये म्हणून वरून पेटी. मे महिन्याच्या मध्याला यंत्र चालू झालं. मग क्लेटनच्या लक्षात आलं की हार्मन हे आपलंच संशोधन असल्याचं भासवतोय, आणि त्याने रोजनिशीत तक्रार नोंदवली. छळ सोसून, सगळं गमावून, मैलोन्‌मैल ओसाड माळावर चालणारी माणसं, आणि भांडण कशावरून? श्रेयावरून! (हशा) आपल्या साहित्य संस्थांचं नाव मी घेतलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

पण त्या मोजणीतून पुढे 1848 मध्ये वाटेची पुस्तिका निघाली. कुठे ओढा, कुठे गवत, पुढचं पाणी किती मैलांवर. विंटर क्वार्टर्स ते सॉल्ट लेक, 1031 मैल. बैल ताशी दोन मैल चालतो. पुढचं पाणी अठरा मैलांवर आहे हे कळलं, तर आज कुठे थांबायचं ते ठरतं. अंदाजाने चाललात तर बैल मरतो, आणि बैल मेला की गाडी तिथेच.

हीच शिस्त नॉव्हू या त्यांच्या इलिनॉयमधल्या शहरात निघण्याआधी, 1845 मध्ये, केलेल्या सामानाच्या यादीत दिसते. पाच माणसांच्या कुटुंबाला: मजबूत गाडी एक, बैलांच्या तीन जोड्या, पीठ हजार पौंड, साखर शंभर पौंड, मीठ पंचवीस पौंड, साबण वीस पौंड. शिवाय दालचिनी, लवंगा, डझनभर जायफळं! आणि हो, चहा एक पौंड, कॉफी पाच पौंड. चहा-कॉफी वर्ज्य करणारा त्यांचा तो प्रसिद्ध नियम 1833 चा, पण तेव्हा तो इतका कडक पाळला जात नव्हता.

आता हिशेब चुकला की काय होतं ते पाहा. 1856. बैलगाड्या महाग पडतात म्हणून युरोपातून आलेल्या गरीब भाविकांना हातगाड्या दिल्या. माणशी सामान सतरा पौंड, म्हणजे पावणेआठ किलो, अंथरूण-पांघरुणासकट. शेवटच्या दोन तुकड्या, विली आणि मार्टिन या म्होरक्यांच्या, आयोवा सिटीत पोचल्या तेव्हा गाड्या तयार नव्हत्या. घाईत ओल्या लाकडाच्या केल्या. माळावरच्या कोरड्या हवेत लाकूड आकसलं, आरे खिळखिळे झाले, चाकांवरच्या धावा निसटायला लागल्या. लाकडी कण्यात वाळू शिरून तो झिजू लागला. वंगण म्हणून डुकराची चरबी आणि साबण लावला, तर त्यालाच वाळू आणखी चिकटली. दुरुस्तीत दिवस गेले. फ्लॉरेन्सला, म्हणजे जुन्या विंटर क्वार्टर्सच्याच जागी, पोचेपर्यंत ऑगस्ट उजाडला. तिथे लीव्हाय सॅव्हेजने, हा नुकताच ब्रह्मदेश-कलकत्ता फिरून आलेला मिशनरी, हिवाळा संपेपर्यंत थांबा म्हणून सांगितलं. मत त्याच्याविरुद्ध पडलं, तरी तो सोबत गेला. तिथून निघताना विलीच्या तुकडीत प्रत्येक गाडीवर अठ्ठ्याण्णव पौंडांचं पिठाचं पोतं चढलं. सप्टेंबरात तीसेक जनावरं उधळून नाहीशी झाली, मग गाड्यांवरचा भार आणखी वाढला. 19 ऑक्टोबरला हिमवादळ. दोन्ही तुकड्यांत मिळून दोनशेच्या वर माणसं गेली. यंगला 4 ऑक्टोबरला कळलं आणि त्याने तातडीने मदत धाडली म्हणून बाकीची वाचली. सगळ्यात आधी निघालेल्या दोन हातगाडी तुकड्या मात्र 26 सप्टेंबरलाच सॉल्ट लेकला पोचल्या होत्या. गाडी तीच, लाकूड तसंच. फरक निघण्याच्या तारखेचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं, आणि छळ?’ बरं, छळ.

लोक म्हणतात, बहुपत्नीत्वामुळे हाकललं. तारखा पाहा. मिसूरीतल्या जॅक्सन काउंटीत छापखाना मोडला जुलै 1833 मध्ये, आणि नोव्हेंबरात सगळ्यांना हुसकलं. बहुपत्नीत्व जाहीर झालं 1852 ला, युटात पोचल्यावर. मिसूरीतला खरा वाद जमिनीचा आणि मतांचा होता. हे लोक घोळक्याने येत, एकत्र जमीन घेत, एकगठ्ठा मत देत, आणि गुलामगिरी चालणाऱ्या राज्यात उत्तरेतून आलेले. 6 ऑगस्ट 1838 ला गॅलटिनला मतदानावरूनच मारामारी पेटली. 27 ऑक्टोबरला गव्हर्नर बोग्जने यांना हाकला किंवा संपवा असा हुकूम काढला. तीन दिवसांनी हॉन्स मिल या मॉर्मन वस्तीवर सतरा जण मारले गेले, त्यात मुलंही होती. मग इलिनॉय. नॉव्हूला स्वतःच्या कारभाराची सनद मिळाली, स्वतःची सेना उभी राहिली, शेजारी बिथरले. इथे मात्र गुपचूप चाललेलं बहुपत्नीत्व कारणीभूत आहे: ते उघड करणारा छापखाना 10 जून 1844 ला स्मिथच्या हुकमाने मोडला, आणि त्यावरून तो तुरुंगात गेला. 1833 मध्ये यांचा छापखाना फोडला, 1844 मध्ये यांनी दुसऱ्यांचा फोडला. यावर स्वतंत्र तास घेता येईल, पण आज नाही. सनद 1845 ला रद्द झाली. 4 फेब्रुवारी 1846 पासून मिसिसिपी ओलांडणं सुरू झालं, आणि आयोवाच्या चिखलात उन्हाळ्यापर्यंत ते अडकले.

एवढंच. आणखी एक गोष्ट सांगून उतरतो. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी 1852 मध्ये मुंबईत आणि पुढे पुण्यातही आला होता. त्याचं काय झालं ते विचारायचं असेल त्यांनी बाहेर चहाच्या टेबलाशी गाठावं. बोग्जचा तो हुकूम? तो 1976 ला मागे घेतला. हो, एकोणीसशे शहात्तर. पुढचे वक्ते उभे आहेत, मी बसतो.