संत ऑगस्टिनचे दोन शोक

चौथ्या-पाचव्या शतकातला ख्रिस्ती धर्मपंडित संत ऑगस्टिन, त्याच्या आयुष्यातले दोन मृत्यू आज तुमच्यासमोर ठेवायचे आहेत, एक मित्राचा आणि एक आईचा. मधल्या काळात तो ख्रिस्ती झाला होता. श्रद्धेने त्याच्या रडण्याचं काय केलं, एवढंच मला पाहायचं आहे.

पहिला मृत्यू उत्तर आफ्रिकेतल्या थागास्ते गावातला. ते आजच्या अल्जीरियात येतं. ऑगस्टिन तेव्हा विशीत होता, गावात शिकवत होता. बरोबरीने वाढलेला एक मुलगा त्याचा जिवलग झाला. त्याला ताप भरला, शुद्ध हरपली, आशा सुटली, आणि त्याच अवस्थेत त्याला बाप्तिस्मा देण्यात आला. ऑगस्टिन त्या वेळी मानी पंथाच्या, म्हणजे जग हे उजेड आणि अंधार यांची झुंज मानणाऱ्या एका पंथाच्या, नादी लागला होता. मित्र शुद्धीवर येताच ऑगस्टिनने त्या बाप्तिस्म्याची थट्टा केली. वाटलं, तोही हसेल. मित्राने वैऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं आणि बजावलं, माझा मित्र राहायचं असेल तर हे बोलणं बंद कर. बरा होऊ दे, मग काय ते बोलू, असं ऑगस्टिनने ठरवलं. काही दिवसांनी ताप उलटला, आणि ऑगस्टिन जवळ नसताना तो गेला.

पुढे बिशप झाल्यावर ‘कन्फेशन्स’ या आत्मकथनात हे लिहिताना तो मित्राचं नाव सांगत नाही. पण गाव कसं खायला उठलं ते सांगतो. पूर्वी मित्र बाहेर असला की प्रत्येक जागा म्हणायची, थांब, येईलच एवढ्यात. आता एकही जागा तसं म्हणेना. शेवटी ऑगस्टिन गाव सोडून कार्थेजला गेला.

मरणाऱ्या माणसावर मी तो कधी मरणारच नाही असं प्रेम केलं, वाळूवर जीव ओतला, असं तो स्वतःला दोष देतो. यावरून काही जण धडा काढतात की माणसांत फार गुंतू नये. मला हे पटत नाही. तो लगेच म्हणतो, जो देवावर प्रेम करतो आणि देवामध्ये आपल्या मित्रावर, तो धन्य. मित्र कमी करायला तो सांगत नाही, आणि स्वतःही शेवटपर्यंत मित्रांच्या घोळक्यातच राहिला.

दुसरा मृत्यू 387 सालचा. रोमजवळच्या ओस्तिया बंदरात आई मोनिका वारली, आफ्रिकेच्या वाटेवर असताना. तिला 56वं वर्ष चालू होतं. नवऱ्याच्या शेजारी आपली जागा तिने आधीच करून ठेवली होती. पण शेवटी म्हणाली, हा देह कुठेही ठेवा, फक्त प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. ऑगस्टिनने तिचे डोळे मिटले. त्याचा मुलगा हंबरडा फोडू लागला, त्याला गप्प केलं. सोबतचा मित्र एव्होदियस स्तोत्र गाऊ लागला. ऑगस्टिन डोळे कोरडे ठेवून दफनाला गेला आणि आला. पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्याने रडायचं कसलं, असं त्याला वाटत होतं. दुःख उतरेल म्हणून त्याने स्नानही केलं, उतरलं नाही. मग झोपला, उठला, अंथरुणात एकट्याला मिलानचे बिशप संत अँब्रोज यांच्या गीताच्या ओळी आठवल्या, आणि बांध फुटला. कोणी हसणार असेल तर हसू नये, मनात मोठी माया असेल तर माझ्या पापांसाठी रडावं, असं तो वाचकाला विनवतो.

मला तो या अंथरुणात सर्वांत जवळचा वाटतो. बेथानी गावात आपला मित्र लाजरस याच्या कबरेकडे जाताना प्रभू येशूही रडला. थोड्याच वेळात आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार, हे ठाऊक असताना रडला. लोक म्हणाले, याचं त्याच्यावर किती प्रेम होतं! तेव्हा आपल्याकडे मयताच्या घरी ‘रडू नका, तो देवाघरी गेला’ असं जे पटकन म्हटलं जातं, ते थोडं थांबून म्हणावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आईबद्दलचं लिखाण संपवताना ऑगस्टिन वाचकांकडे एकच मागतो: वेदीपाशी मोनिका आणि तिचा पती पॅट्रिशियस यांची आठवण करा. येत्या 2 नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, मिस्सासाठी आपापल्या मृतांची नावं द्याल, तेव्हा ही दोन नावंही द्या.