शेवटची पानं नसलेली कादंबरी

नमस्कार श्रोतेहो. ‘गोष्टींची पुस्तकं ठेव बाजूला, अभ्यास कर!’ हे घरात ऐकलं नाही असं कोण आहे आपल्यात?

तर २०१९ मध्ये जेरिम आणि मॉस या संशोधकांनी ३५ देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची माहिती तपासली. मुलं थोडीथोडकी नव्हेत, अडीच लाखांच्या आसपास. ही सगळी २००९ च्या ‘पिसा’ या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीला बसलेली. कथा-कादंबऱ्या नेमाने वाचणाऱ्यांचं आकलन सरस निघालं. कथा-कादंबऱ्या, बरं का! वर्तमानपत्रं, मासिकं, माहितीची पुस्तकं वाचून तसा फरक दिसला नाही. आता वाचून आकलन वाढतं की आकलन असणारेच वाचतात? बी आधी की झाड आधी, तो प्रश्न उरतोच.

मला आठवतो आमच्या वाचनालयातला एक मुलगा. स्पर्धा परीक्षेची तयारी करायचा. उताऱ्यावरचा प्रश्न आला की त्यातला शब्द उताऱ्यात बोटाने शोधायचा, आणि ती ओळ ज्या पर्यायात, त्यावर खूण. ‘लेखकाला काय सुचवायचं आहे?’ असं विचारलं की गाडी अडली. म्हणायचा, “काका, हे उताऱ्यात लिहिलेलंच नाही!”

मी त्याला एक रहस्यकथा दिली. शेवटची आठ-दहा पानं गायब आहेत, हे मलाही ठाऊक नव्हतं. (पानं फाडणाऱ्यांपेक्षा पहिल्याच पानावर पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहिणारे जास्त वाईट, हे माझं जुनं मत.) दुसऱ्या दिवशी पोरगा तणतणत आला. म्हटलं, “मग तूच शोध की!” तीन दिवस पुस्तक परत आलं नाही. चौथ्या दिवशी आला तो पानापानांत बसच्या तिकिटांच्या खुणा घालून. “काका, खून दिवाणजीने केला. कुठे लिहिलेलं नाही, पण इथे बघा, तो म्हणतो पावसात आलो, आणि छत्री कोरडी!”

लिहिलेलं नाही, पण आहे. श्रोतेहो, उताऱ्यालाही हेच लागतं: लिहिलेलं नाही, पण आहे.

पुढे त्या कादंबरीची धड प्रत मिळाली. खुनी निघाला डॉक्टर. मी मुद्दाम त्याला शेवट वाचायला दिला. त्याने वाचला, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, “काका, लेखकाचं चुकलंय. छत्रीचं काय मग?”