खंड्या गेला तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार.

घरातलं माणूस गेलं की काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. शेजारून पिठलं-भात येतो. गुरुजींना फोन कोण करणार, दहावा कुठे, तेराव्याला कुणाला बोलवायचं, सगळं ठरलेलं असतं. रडणाऱ्याला रडायला जागा मिळते आणि ज्याला रडता येत नाही त्याच्या हाताला काम मिळतं. आमचा खंड्या गेला तेव्हा यातलं काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुलगा ऑफिसला गेला, नातू शाळेत गेला, आणि दूधवाल्याने विचारलं, "भाभी, आज कुत्ता नहीं भौंका?" झालं. सुट्टीच्या अर्जावर 'कुत्रा वारला' असं कोण लिहिणार?

आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे. ज्यांना कुत्र्यामांजरांचं वेड नाही, त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावं. मी रागावणार नाही.

आम्ही इंदूरच्या रामबागेतले. गोष्ट 2011 च्या मार्गशीर्षातली. खंडोबा हे होळकरांचं कुलदैवत, आणि आमचंही. चातुर्मासात सोडलेलं कांदा-वांगं आमच्याकडे चंपाषष्ठीला सुरू होतं. भरीत, बाजरीचे रोडगे, पातीचा कांदा असा नैवेद्य झाला की एक घास कुत्र्याचा, कारण कुत्रा हा देवाचा सोबती. सासूबाई पान घेऊन दाराशी गेल्या. गल्लीतली पिवळी कुत्री नेहमीसारखी आली, आणि तिच्या मागून एक पिल्लू. त्याने रोडगा खाल्ला, भरिताकडे पाठ फिरवली आणि पायरीवरच ताणून दिली. आई निघून गेली, हे राहिलं. पुढे त्याच्या आईला निगमच्या गाडीने नेलं आणि नसबंदी करून पुन्हा आमच्याच गल्लीत आणून सोडलं. कानाला खाच पाडलेला कुत्रा रस्त्यात दिसला, तर त्याचं ऑपरेशन झालंय असं समजावं. या पिल्लाचा कान मात्र शाबूत राहिला. खंडोबाच्या दिवशी आला म्हणून खंड्या, नावावर चर्चासुद्धा झाली नाही.

रंग मातकट पिवळा, कान उभे, शेपूट पाठीवर वळलेली. "अंकल, कौनसी ब्रीड है?" असं कुणी विचारलं की आमचे हे गंभीर चेहऱ्याने सांगायचे, "रामबाग."

खंड्याला हिंदी येत नसे. म्हणजे कळत असणार, सगळं आयुष्य इंदुरात काढलं त्याने. पण तो दाद देत नसे. शेजारचे 'बैठ, बैठ' म्हणून दमायचे आणि हा त्यांच्याकडे कौतुकाने बघत उभा. सासूबाईंनी नुसतं "खाली बस रे" म्हटलं की टेकला. याचा फायदा आमच्या नातवाला झाला. शाळा इंग्रजी, मित्र हिंदी, घरात आम्ही मराठीत विचारावं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यावं, असं चाललं होतं. मालव्यातल्या बहुतेक मराठी घरांना हे सांगायला नको. पण खंड्याकडून चप्पल सोडवायची तर मराठीला पर्याय नव्हता. "खंड्या, दे ना रे माझी चप्पल, बस उभी राहिली असेल" हे त्याचं पहिलं सलग मराठी वाक्य. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, तरी हे श्रेय त्या कुत्र्याचं आहे.

इंदूरच्या कचरागाड्या गाणं वाजवत फिरतात, तुम्हाला ठाऊक आहेच. गाडी अजून दोन गल्ल्या लांब असतानाच खंड्या मान वर करून सूर लावायचा. लांबवलेला सूर ऐकला की कुत्रे असे ओरडतात. लांडग्यांची एकमेकांना हाक मारायची रीत त्यांच्यात उतरली आहे, त्यात अपशकुन कसला आलाय? पण समोरच्या काकूंना ते पटायला दोन वर्षं लागली. नंतर त्याच सगळ्यात आधी ओल्या-सुक्याच्या बादल्या घेऊन फाटकाशी उभ्या असत.

त्याच कानांमुळे दिवाळीत मात्र हाल. आपल्याला वीस हजार हर्ट्झच्या वरचा आवाज ऐकू येत नाही, कुत्र्याला पंचेचाळीस हजारांपर्यंतचा येतो. मग सुतळी बॉम्बने त्याचं काय होत असेल? लक्ष्मीपूजनाच्या रात्री तो पलंगाखाली आणि त्याला सोबत म्हणून आमचे हे पलंगाशेजारी जमिनीवर. रंगपंचमीलाही तीच गत. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघाली की तिचे ढोल आमच्याकडे ऐकू येतात, त्या दिवशी खंड्या घराबाहेर पाय टाकत नसे.

खाण्याच्या बाबतीत पक्का इंदुरी. शेव म्हटलं की डोळे चमकायचे. पोहेसुद्धा हवेत, पण ते त्याच्यासाठी आधी वेगळे काढावे लागत. कांदा आणि लसूण कुत्र्याला विषासारखे आहेत, रक्तातल्या लाल पेशी फुटतात त्याने. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे हेही नाही. हे सगळं जनावरांच्या डॉक्टरांकडून कळल्यावर सासूबाई म्हणाल्या, "म्हणूनच त्याने भरीत सोडलं हो त्या दिवशी! देवाचा कुत्रा तो." यावर आम्ही कोणीच काही बोललो नाही.

2020 च्या लॉकडाउनमध्ये सराफ्यातला रात्रीचा खाऊबाजार बंद झाला आणि तिथल्या उष्ट्यावर जगणारे कुत्रे अन्नासाठी भटकू लागले, त्यातले काही आमच्या गल्लीपर्यंत आले. आम्ही जास्तीच्या पोळ्या करून फाटकाबाहेर ठेवायचो. खंड्या आतून भुंकून प्रत्येकाला हाकलायचा. देवाचा कुत्रा होता, पण दानशूर नव्हता.

आता जड भागाकडे येते.

बारा पूर्ण होऊन तेरावं चालू होतं. पाण्याचं भांडं सारखं रिकामं दिसू लागलं आणि रात्री तो बाहेर जायला दार ओरबाडू लागला. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. डॉक्टरांनी सांगितलं की मूत्रपिंडाचं साधारण तीन चतुर्थांश काम थांबतं तेव्हा कुठे हा आकडा वर चढतो. म्हणून ज्यांच्या घरी सात-आठ वर्षांच्या पुढचा कुत्रा आहे त्यांनी वर्षातून एकदा त्याचं रक्त आणि लघवी तपासून घ्यावी. आणखी एक, आपली अंगदुखीची गोळी, आयब्युप्रोफेन वगैरे, कुत्र्याला कधीही देऊ नये. तिने असलेली मूत्रपिंडंही जातात.

शेव बंद झाली. कातडीखालून सलाईन द्यायला हे शिकले. मानेमागची कातडी चिमटीत उचलायची, सुई घालायची. पाठीवर पाण्याचा फुगा येतो, हळूहळू पुढच्या पायाकडे उतरतो आणि काही तासांत जिरतो. बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाचा हात आधी थरथरायचा, मग थरथरेनासा झाला. काही महिने बरे गेले. मग 2024 च्या आषाढात त्याने खाणं सोडलं, तोंडात व्रण पडले, उठताना मागचे पाय साथ देईनात.

डॉक्टरांनी इंजेक्शनचा विषय काढला तेव्हा घरात दोन तट पडले. मुलगा हो म्हणाला, हे नाही म्हणाले, मी दोघांचंही ऐकून गप्प. सासूबाई तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या. त्यांना विचारायचं धाडस कोणाला होत नव्हतं. शेवटी मीच विचारलं. त्या म्हणाल्या, "त्याला दुखतंय ना? मग मला काय विचारतेस? डॉक्टरांना फोन कर."

हे रेडिओवर बोलावं का, याचा मी विचार केला. बोलावं असं ठरवलं, कारण ते कसं होतं हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचं इंजेक्शन, त्याने तो शांत झोपला. मग पायाच्या शिरेतून भुलीच्या औषधाचा मोठा डोस. मिनिटा-दोन मिनिटांत श्वास आणि हृदय थांबलं. डोळे मात्र मिटत नाहीत, उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखी छाती हलते, तो श्वास नसतो. हे माहीत असलं तर जवळचे लोक घाबरत नाहीत आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसू शकतात. यांनी घेतलं होतं.

राऊच्या पुढे एका नातलगाच्या शेतात खड्डा केला, चांगला खोल. त्या औषधाचा अंश शरीरात राहतो, दुसऱ्या जनावराने उकरून खाल्लं तर त्यालाही बाधू शकतं.

आणि मग, सुरुवातीला म्हटलं तसं, काहीच नाही. "कुत्र्याचं सुतक नसतं गं," सासूबाईंनीच सांगितलं. पण गुरुपौर्णिमा आली तेव्हा त्यांनी घरात गोड करू दिलं नाही, आणि कारणही सांगितलं नाही. हे पहाटे एकटेच नारायणबागेपर्यंत जाऊन येत, त्याच्याच वेळेला. नातू आमच्याबरोबर दत्ताच्या देवळात आला, तसबिरीतले चार कुत्रे त्याने निरखून पाहिले आणि विचारलं, "आजी, यातला खंड्या कोणता?" चार कुत्रे म्हणजे चार वेद, हे मी सांगणार होते. पणजीने आधीच सांगून टाकलं, "तो पाचवा." ज्याने त्याने आपापला दहावा केला म्हणायचा.

"दुसरा आणा आता" असं सांगणाऱ्यांचा मला राग येतो. माणूस गेल्यावर कोणी असं म्हणेल का? बरं, कुत्र्यासाठी शोक करणं हे काही आजच्या शहरी लोकांचं खूळ नाही. कुत्र्याला बाहेर ठेवायचं असेल तर स्वर्ग नको, असं युधिष्ठिर महाभारतात म्हणतो. रायगडावरचा वाघ्याचा पुतळा 1936 चा, त्यासाठी इंदूरच्या होळकरांनी पैसे दिले होते. वाघ्याला समकालीन पुरावा नाही असं इतिहासकार सांगतात, त्या वादात मला पडायचं नाही. मला एवढंच दिसतं की कुत्र्यासाठी दगड उभा करावा असं कुणालातरी मनापासून वाटलं, आणि त्याला कुणी हसलं नाही.

उरलेल्या सलाईनच्या बाटल्या मी आमच्या डॉक्टरांना विचारून मागच्या गल्लीत दिल्या. तिथे एक म्हातारी लॅब्रेडॉर आहे, तिचंही तेच दुखणं. घरात मायलेकीच, दोघी सुईला घाबरतात. म्हणून संध्याकाळी हे सुई लावतात आणि मी तिचं डोकं धरते. चांगली वजनदार आहे, आणि हिंदीच समजते, त्यामुळे यांची पंचाईत होते. हे रेकॉर्डिंग आटोपून मला तिकडेच जायचंय, तेव्हा रजा घेते. नमस्कार.