हलके वारा आणतो, जड लाट उघडे करते

श्रोतेहो, नमस्कार.

समुद्रकिनाऱ्यावर शंख-शिंपले वेचणारे आणि अलीकडे मेटल डिटेक्टर घेऊन वाळू धुंडाळणारे लोक बहुधा एकच गोष्ट विचारतात : कुठे जावे? माझ्या मते आधी विचारायला हवे ते केव्हा जावे, कारण ज्या पुळणीवर आज काहीच हाती लागत नाही तिथेच चार दिवसांनी ओंजळ भरते. हा फरक लाटा आणि वारा घडवतात. त्यांची कामे मात्र निरनिराळी आहेत. हलक्या, तरंगणाऱ्या वस्तू वारा किनाऱ्याला आणून टाकतो. जड वस्तू लाट सहसा आणत नाही. ती त्यांच्यावरची वाळू काढून नेते. त्यामुळे शिंपले वेचणाऱ्याला जो दिवस लाभतो तो नाणी शोधणाऱ्याला लाभेलच असे नाही.

आधी जड वस्तूंचे पाहू. साधी वाळू पाण्याच्या सुमारे 2.65 पट जड असते, चांदी 10.5 पट, शिसे 11.3 पट आणि शुद्ध सोने 19.3 पट. ओल्या वाळूवर पडलेली अंगठी प्रत्येक लाटेबरोबर थोडी थोडी खाली उतरते, कारण लाट वरून जाताना वाळूची पकड क्षणभर सैल होते; आणि खाली चिकणमाती, शिंपल्यांचा घट्ट थर किंवा कातळ लागला की ती तिथे थांबते. तिला पुन्हा वर उचलून आणील अशी शक्ती साध्या लाटेत नसते. वरची वाळू हटेल तेव्हाच ती दिसायची.

आता वाळू हटवणारी लाट कोणती, हे केवळ उंचीवरून कळत नाही. एका लाटेमागून दुसरी किती सेकंदांनी येते, तेही पाहावे लागते. 3 मीटर उंचीच्या लाटा 6-7 सेकंदांनी एकामागून एक आदळू लागल्या, की चढलेले पाणी वाळूत मुरायला अवधीच मिळत नाही आणि ते परतताना वाळू ओढून नेते. उलट 1 मीटर उंचीची, 13-14 सेकंदांनी येणारी लांबलचक लाट संथपणे वर चढते, तिचे पाणी वाळूत मुरते आणि सोबत आणलेली वाळू तिथेच राहते. कोकणात जून ते सप्टेंबर पहिल्या प्रकारच्या लाटांचे राज्य असते. ऑक्टोबरपासून दुसऱ्या प्रकारच्या लाटा, पावसाळ्यात समोरच्या उथळ पाण्यात जाऊन पडलेली वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लावतात. लाटा तिरप्या आल्या तर वाळू किनाऱ्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकते, म्हणून दोन डोंगरांमधल्या छोट्या पुळणीवर एक बाजू बोडकी आणि दुसरी भरलेली दिसते.

एका वर्षी अनंत चतुर्दशीनंतर मी रत्नागिरीजवळ भाट्याच्या किनाऱ्यावर होतो. सुरूच्या बनाच्या कडेला वाळू गुडघाभर उंचीची उभी कापली गेली होती आणि झाडांची मुळे उघडी पडली होती. कापलेल्या त्या भिंतीत काळ्या वाळूच्या बोटभर जाडीच्या रेघा दिसत होत्या. पायथ्याशी जाळ्याची एक शिशाची गोळी पडली होती, हातभर अंतरावर दुसरी, आणि त्या दोन गोळ्यांच्या मधोमध एक हिरवट चकती. अंगठ्याने घासली तेव्हा मधली माती निघाली आणि गोल भोक मोकळे झाले. 1943 ते 1947 या काळात पाडलेला तो भोकाचा पैसा होता. तेव्हापासून शिशाची गोळी दिसली की मी पुढे जात नाही, कारण समुद्र जड वस्तू जड वस्तूंच्या शेजारीच ठेवतो.

काळी वाळूही तशीच खूण आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर तिच्यात इल्मेनाइट हे खनिज भरपूर असते. ते साध्या वाळूहून जवळजवळ पावणेदोन पट जड असल्याने हलकी वाळू वाहून गेली की मागे उरते. अडचण एवढीच, की हीच काळी वाळू आणि खाऱ्या पाण्याने भिजलेली पुळण डिटेक्टरला चकवतात आणि यंत्र काही नसताना वाजत राहते. अशा ठिकाणी यंत्राची संवेदनशीलता थोडी कमी करून त्याची चकती जमिनीपासून एकाच उंचीवर फिरवावी. अनेक वारंवारितांवर चालणारी किंवा पल्स इंडक्शन पद्धतीची (थांबून थांबून चुंबकीय स्पंद सोडणारी) यंत्रे इथे अधिक उपयोगी पडतात.

लाटांनी वाळू हटवून जड वस्तू उघड्या केल्याचे जगप्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यावर आहे. 1715 च्या जुलैअखेरीस हवानाहून स्पेनकडे निघालेल्या 12 जहाजांच्या ताफ्यातील 11 जहाजे तिथे चक्रीवादळात बुडाली. सुमारे सव्वादोनशे वर्षांनी किप वॅग्नर या खजिनाशोधकाला वादळानंतरच्या किनाऱ्यावर त्या ताफ्यातील चांदीची नाणी मिळू लागली. आजही तिथले शोधक ईशान्येचा जोरदार वारा कधी सुटतो याची वाट पाहतात, कारण त्याने उठलेल्या लाटा वाळू काढून नेतात.

वाऱ्याचे काम वेगळे आहे. पाण्यावर तरंगणारी वस्तू वाऱ्याच्या वेगाच्या साधारण 3 टक्के वेगाने सरकते, म्हणून समुद्रावरून सतत आठवडाभर वारा आला की दूरची वस्तूही किनाऱ्याला लागते : समुद्रफेन (म्हाकुळाचे हलके पांढरे हाड), नद्यांतून वाहत आलेल्या गारंबीच्या बिया, जांभळ्या शंखाची नाजूक गोगलगाय. याच वाऱ्याने पावसाळ्यात जुहूला ब्लू बॉटल हे दंश करणारे निळे प्राणी येतात आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर डांबराचे गोळे, तेव्हा उघड्या हाताने काही उचलू नये. पहाटेचा मतलई वारा याच्या उलट वागतो. तो वरचे पाणी बाहेर ढकलतो, लाटा बसवतो, आणि तळाशी आत येणाऱ्या पाण्याबरोबर शिंपले काठाला लागतात. हिवाळ्यात सुकी वाळू वाऱ्याने उडते तेव्हाही खालचे शिंपले उघडे पडतात.

कायद्याचे दोन शब्द सांगतो. जमिनीत दडलेले, 10 रुपयांहून अधिक मोलाचे धन सापडले तर 1878 च्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. किनाऱ्याला लागलेली व्हेल माशाची उलटी (अंबरग्रीस) बाळगणे हा वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात कासवांची घरटी असतात, तिथे कुदळ लावूच नये.

निघण्यापूर्वी हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा समुद्राचा अंदाज पाहावा. त्यात लाटांची उंची, दिशा आणि कालावधी दिलेला असतो. खवळलेल्या समुद्रात जाऊ नये. तो शमल्यावरची पहिली चांगली सुकती, म्हणजे ओहोटी, गाठावी, कारण चार-सहा दिवस संथ लाटा आल्या की वाळू परतू लागते. ही सुकती उधाणाची असेल तर उत्तम. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मुंबईत ती सकाळी सहाच्या आसपास येते, रत्नागिरीत थोडी आधी. कापलेल्या वाळूच्या भिंतीला पाठ लावून बसू नये, ती कोसळते. दोन पावले दूर उभे राहून आधी पायथ्याशी काळी रेघ दिसते का ते पाहावे, आणि दिसली तर यंत्र तिथेच सुरू करावे. नमस्कार.