हप्त्यातून एक पुडी

नमस्कार मंडळी, राम राम. जेवणं झाली असतील, नसतील झाली तर रेडिओ चुलीजवळ घ्या आणि आवाज जरा मोठा करा, कारण आज सांगणार आहे ती आमच्या घरातली गोष्ट आहे. गेली दोन वर्षं मी ती भेटेल त्याला सांगत सुटलोय, बायको म्हणते आता पुरे करा, पण आज माईक माझ्यासमोर आहे, तिच्यासमोर नाही.

विषय आहे चामडीचा आजार, खाणंपिणं आणि व्हिटॅमिनच्या गोळ्या-पुड्या. मला स्वतःला वीस वर्षांपासून सोरायसिस आहे. दोन्ही कोपरं, गुडघे आणि डोक्यात कानामागे. लाल चट्टा, त्यावर चांदीसारखे पांढरे पापुद्रे, सकाळी गादी झटकली की भाताचा कोंडा उडावा तसं उडते. शाळेत शिकवत होतो तेव्हा भर उन्हाळ्यात फुल बाह्यांचा शर्ट घालायचो, पोरं म्हणायची मास्तरला थंडी वाजते. तर पहिली गोष्ट, हा आजार लागट नाही. पुन्हा सांगतो, लागट नाही. हात मिळवा, एका ताटात जेवा, काही होत नाही. आपल्याच शरीराची रोगाशी लढणारी फौज गडबडते आणि चामडी भराभर, गरजेपेक्षा लवकर तयार व्हायला लागते, म्हणून ते पापुद्रे. पूर्वी लग्नात पंगत असायची, तिथं शेजारी बसायला लोक मागंपुढं पाहायचे माझ्या, आता बुफे आला तर तो त्रास गेला, पण खरं सांगू का, उभ्यानं ताट घेऊन खाणं म्हणजे काही जेवण नव्हे, वरण सांडते, भात थंड होते, आणि आग्रह करणारं कोणी नसते. असो.

खाण्याचं लवकर सांगून टाकतो. सोरायसिस बरा करणारा पदार्थ अजून निघाला नाही. मला आजपर्यंत वांगं सोड, दही सोड, आंबट सोड, दूध आणि मासोळी एका दिवशी खाऊ नको, असं सांगणारे शंभर भेटले, सगळं सोडलं असतं तर पाणी पिऊन राहावं लागलं असतं. कोणाला एखाद्या वस्तूनं खरंच दरवेळी खाज वाढत असेल तर त्यानं ती वहीत लिहावी आणि डॉक्टरला दाखवावी, पण दुसऱ्याच्या वांग्यावर बंदी घालू नये. अंगावर चरबी जास्त असेल तर वजन उतरवल्यानं फरक पडते, हे पक्कं. दारूनं आणि बिडी-सिगरेटनं आजार भडकते, हेही पक्कं. आणि खर्रा घोटणाऱ्यांनो, तुमच्या चामडीचं नंतर पाहू, आधी तोंड किती उघडते ते आरशात पाहा, तीन बोटं उभी जात नसतील तर डॉक्टर गाठा. बाकी भाकर, वरण, पालेभाजी, जवसाची चटणी. जवसात चांगलं तेल असते, त्यानं सोरायसिस जात नाही पण खायला काय हरकत, माझं तर म्हणणं आहे सोयाबीन आलं आणि आपल्या धुऱ्यावरचं जवस गेलं तेव्हापासून ताटाची चवच गेली.

आता व्हिटॅमिन. काही चामडीचे आजार खरंच व्हिटॅमिन कमी पडल्यानं होतात, ते होत नाहीत असं मी म्हणत नाही. ओठाचे कोपरे फाटतात, तोंड येते, ते बऱ्याचदा बी गटातलं काही कमी पडलं म्हणून. पूर्वी नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर दिवस काढणाऱ्या गरीब लोकांना पेलाग्रा व्हायचा, गळ्याभोवती हार घातल्यासारखी काळी करपलेली चामडी, ऊन लागेल तिथं भाजल्यासारखं, हगवण, डोक्यावर परिणाम. आहारशास्त्रावर संशोधन करणारे डॉ. गोपालन यांनी हैदराबादला त्यावर मोठं काम केलं, १९६० च्या आसपास. त्यावर इलाज नायसिन, म्हणजे बी गटातलंच एक व्हिटॅमिन, कमी होतं ते भरलं आणि माणूस उठला. म्हणून भाकरीसोबत वरण पाहिजे, शेंगदाण्याची चटणी पाहिजे. पण मंडळी, ध्यानात घ्या, कमी होतं म्हणून भरल्यावर बरं झालं. कमी नसेल तर ओतून उपयोग नाही. कमी आहे का हे रक्त तपासून कळते, शेजाऱ्याला विचारून नाही.

अजून एक. बी आणि सी पाण्यात विरघळतात, जास्तीचं बरंचसं लघवीवाटे जाते, बी कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ली की लघवी पिवळीजर्द होते ती त्यामुळेच. पण ए, डी, ई, के ही चार चरबीत विरघळतात आणि शरीरात साठून राहतात. कणगीत धान्य टाकत गेलात आणि काढलंच नाही तर कणगी फुटते की नाही? तसं. ए, डी, ई, के. साठणारी चार.

आता येतो भाऊजींवर. माझी मोठी ताई यवतमाळ जिल्ह्यात दिली आहे, तिचे यजमान. सोरायसिस त्यांनाही, माझ्यापेक्षा जास्त, आणि गुडघे दुखायचे. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात डॉक्टरनं रक्त तपासलं, व्हिटॅमिन डी कमी निघालं. तुम्ही म्हणाल एवढं ऊन आपल्याकडे, मे महिन्यात डांबर वितळते, तरी कमी? हो, कारण आपण दुपट्टा-टोपी-बाह्या सगळं झाकून फिरतो आणि भर दुपारी घरात बसतो. तर डॉक्टरनं ८ पुड्या दिल्या, ६०,००० युनिटच्या, हप्त्यातून एक. हप्त्यातून एक. दुधात टाकून घ्यायची. भाऊजींनी आठ हप्ते बरोबर घेतल्या, गुडघे जरा हलके झाले, माणूस खूष.

होळीनंतर काय डोक्यात आलं कोण जाणे, तालुक्याच्या एका मेडिकलमध्ये गेले, रिकामी पुडी दाखवली, म्हणाले हे द्या, त्यानं चिठ्ठी न मागता डब्बाच दिला. आणि भाऊजींचा हिशोब कसा, हप्त्यातून एकीनं एवढा आराम तर रोज एकीनं किती. रोज रात्री कपभर दूध, त्यात पुडी. कुणीतरी सांगितलं कॅल्शियम पण लागते, मग सकाळी कॅल्शियमची गोळी. ताईला वाटलं ताकदीची पुडी आहे, ती आपली चमच्यानं ढवळून द्यायची.

मे लागला आणि भाऊजी सुकायला लागले. जेवण नको, उलट्या, चार-चार दिवस पोट साफ नाही, तहान एवढी की उशाला घागर, आणि रात्रीतून सात वेळा लघवीला उठणं. सगळे म्हणाले ऊन लागलं. मीही तेच म्हणालो, खोटं कशाला बोलू. कांद्याचा रस झाला, पन्हं झालं, एकानं सांगितलं शुगर असेल, तपासली तर नॉर्मल. एका म्हातारीनं मीठ-मिरच्या ओवाळून टाकल्या. आणि माणूस जसा खचत गेला तशी ताई काळजीनं ती ताकदीची पुडी जास्तच आठवणीनं द्यायला लागली, दुधाचा कप मोठा केला. एक दिवस सकाळी भाऊजींनी मला फोन करून विचारलं की कापूस मोजून झाला का. मे महिन्यात! तेव्हा मी गाडी काढली.

दवाखान्यात भरती केलं. रक्तातलं कॅल्शियम असते ८.५ ते १०.५ च्या दरम्यान, यांचं निघालं १४.२. किडनीचा आकडाही वाढलेला. डॉक्टरीण बाई होत्या, तरुण होत्या, त्यांनी ताईला एकच विचारलं, "घरात जे जे घेतात ते सगळं इथं आणून दाखवा, चूर्ण, पुडी, काढा, काही सोडू नका." भाचा मोटरसायकलनं गेला आणि काय घेऊन आला माहीत आहे का? बिलं टोचायची तार. जुन्या लोकांच्या घरात असते ना भिंतीला, लाकडी बूड, वर आकडा, लाइटबिल, जिनिंगची पावती, खताचं बिल, सगळं एकावर एक टोचलेलं. भाऊजी हिशोबी माणूस, प्रत्येक रिकामी पुडी त्यांनी तारेला टोचून ठेवलेली. कपाशी विकल्याच्या पावतीवर पुड्याच पुड्या, चुरगळलेल्या, कोपरा फाडलेल्या, एकीला अजून साखरेसारखी भुकटी चिकटलेली आणि त्यावर मुंगी.

बाईंनी खाटेवर बसून एकेक काढून मोजल्या. ६९. पहिल्या ८ डॉक्टरच्या, राहिल्या ६१. मी मास्तर, माझं तोंड आपोआप चाललं, ६१ गुणिले ६०,०००, छत्तीस लाख साठ हजार युनिट. मोठ्या माणसाला दिवसाला लागते ६०० युनिट. भागा. ६,१०० दिवस. सोळा-सतरा वर्षांचा कोटा भाऊजींनी दोन महिन्यांत प्यायला, वर दूध आणि कॅल्शियमची गोळी. डी पोटातलं कॅल्शियम रक्तात ओढते, म्हणून तो १४.२ चा आकडा. डी व्हिटॅमिनचा रिपोर्ट आला त्यावर धड आकडाही नव्हता, "१५० पेक्षा जास्त" एवढंच, २० च्या खाली गेलं तर कमी म्हणतात आणि इथं मशीनच हात टेकून बसलं. आणि एका पुडीत असली औषध किती असते, बाईंनी सांगितलं, दीड मिलिग्रॅम. बाकी नुसती गोडी. म्हणूनच ते औषध वाटत नाही हो!

ताई तोपर्यंत गप्प होती. मग जी सुटली, "कोणं सांगतलं होतं तुमाले रोज घ्याले? कपाशीले एक बोरी युरियाची जागी दोन टाकल्या तं तुमीच गड्याले शिव्या देता नं, नुसता पाला वाढन, मावा पडन, बोंड लागनार नाई म्हून. मंग सोताच्या पोटात काहून टाकून राह्यले डबल?" भाऊजींच्या हाताला सलाईन, ते छताकडे पाहत म्हणाले, "मले वाटलं व्हिटॅमिन हाय, त्याचं काय वाईट होते." हे वाक्य मी शंभर घरांत ऐकलं आहे मंडळी. व्हिटॅमिन आहे, त्याचं काय वाईट होते.

सलाईन, औषधं, पुडी बंद, कॅल्शियम बंद, उन्हातही कमी जायचं. नऊ दिवसांनी घरी आले, पण साठलेलं डी चरबीतून हळूहळू निघते, दिवाळीपर्यंत दर महिन्याला रक्त द्यावं लागलं. आणि गंमत बघा, नुसत्या उन्हानं असं कधी होत नाही, चामडी उन्हात डी गरजेपुरतं तयार करते आणि थांबते. पुडीला थांबणं माहीत नाही. सोरायसिस? तो होता तिथंच आहे.

वेळ संपत आली, बाकीचं भरभर. सोरायसिसला मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात, तीही हप्त्यातून एकदाच, वार ठरवून, आणि ही गोळी चुकून रोज घेतली तर जीव जाऊ शकतो. तिच्यासोबत फॉलिक ॲसिड देतात ते वेगळ्या दिवशी, डॉक्टर सांगतील त्या वारी, आणि दारू अजिबात नाही, लिव्हरवर येते. हप्त्यातून एक म्हणजे हप्त्यातून एक, कॅलेंडरवर त्या वाराला गोल करा. पोटुशी बाई असेल तर व्हिटॅमिन ए च्या गोळ्या आपल्या मनानं नाही, बाळाला धोका असते. केसांसाठी बायोटिन, म्हणजे बी गटातलंच एक व्हिटॅमिन, खाणाऱ्या पोरींनो, थायरॉईडचा रिपोर्ट त्यानं चुकीचा येऊ शकते, तपासणीआधी सांगा की मी हे खाते. आणि बाजारात, जत्रेत, आठ दिवसांत चामडी साफ करणारी बिननावाची पुडी मिळते, तिच्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेलं असते, चार दिवस चमत्कार दिसते आणि सोडली की आजार दुप्पट होऊन अंगभर येते. माझ्या अंगावर एकदा आला आहे, म्हणून सांगतो.

हो, भाऊजींचं एक राहिलंच. डब्यात ११ पुड्या शिल्लक होत्या. घरी आल्यावर चौथ्या दिवशी, धड चालता येत नव्हतं तरी, काठी टेकत मेडिकलवर गेले आणि म्हणाले परत घ्या. तो म्हणाला काका, फोडलेला डब्बा परत होत नाही. भाऊजींनी पुड्या काउंटरवर ठेवल्या आणि म्हणाले, "मंग तुमीच घ्या बाप्पा. रोज एक, दुधात."